तीन फेब्रुवारीचा रिपोर्ट

मल्लेश्वरम, बेंगळूरू
१४ मार्च २०२५

प्रिय स्वानंदी,

तुझं अनुभवाचं प्रमाणपत्र सोबत आहे. चार वर्षं तू 'ऊरबागिलु'मध्ये वार्ताहर होतीस आणि तुझं काम उत्तम होतं, असं त्यात लिहिलं आहे. दुसरं वाक्य ऑफिसात वसुमतीच्या सांगण्यावरून घातलं, पण ते खरं आहे.

तू फोन उचलत नाहीस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून नागपूरच्या घरी पत्र पाठवतो आहे. आमच्या घरात तीनेकशे वर्षं मराठी बोलतात, पण शाळेत ती कुणी शिकलेलं नाही. तेव्हा व्याकरणाच्या चुका माफ कर. ऑफिसात तू त्या सुधारायचीस.

इथलं सांगायचं तर वर्गणीची मोहीम संपली. दरमहा पैसे देणारे वाचक आता दोन हजार एकशे चाळीस झाले. बहुतेकांचे शंभर रुपये, काहींचे पन्नास. नऊ वर्षांपूर्वी मी आधीच्या पेपरातून बाहेर पडलो, तेव्हा तिथल्या मालकांनी एका बिल्डरची बातमी पान लागल्यावर काढून घेतली होती. त्या बिल्डरची पानभर जाहिरात दुसऱ्या दिवशी होती. तेव्हा मी ठरवलं, जाहिरात घ्यायची नाही, मोठी देणगी घ्यायची नाही, गावातल्या लोकांकडून थोडे थोडे पैसे घेऊन साइटवर गावाची बातमी द्यायची. लोक हसले. पहिल्या वर्षी एकसष्ट वर्गणीदार होते आणि त्यातले अकरा माझे नातेवाईक होते. हे तुला माहीत आहे. का लिहितो आहे कोण जाणे.

इलेक्ट्रॉनिक सिटीकडच्या 'पर्णकुंज' सोसायटीतली वर्गणीची सभा चांगली झाली. असोसिएशनचे अध्यक्ष विश्वेश्वर दांडेकर यांनी क्लबहाऊस दिलं, स्वतः प्रस्तावना केली. एका संध्याकाळी एकशे बारा लोकांनी नावं दिली. इतकी एका दिवसात कधी आली नव्हती.

तुझा रिपोर्ट माझ्याकडे आहे. मी तो टाकून दिलेला नाही. पर्णकुंजच्या सांडपाण्याच्या टाकीत कामगारांना दोरी, मास्क न देता उतरवतात, हे तू चार जणांशी बोलून लिहिलं होतंस. पण टाकी चालवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरची बाजू आली नव्हती आणि एका बाजूचा रिपोर्ट आपण छापत नाही. मी हे तुला तेव्हाही सांगितलं. तू विचारलंस, "अण्णा, बाजू आली नाही, की मोहीम संपली नाही?" मग ओळखपत्र टेबलावर ठेवून निघून गेलीस.

प्रश्न चुकीचा होता असं मी म्हणत नाही. मी उत्तर दिलं होतं, एवढंच.

श्वेता आता तुझ्या टेबलावर बसते. खुर्ची बदलून घेतली तिने. वसुमतीने तुला विचारलं आहे.

कृष्णाजी


२९ मार्च २०२५

प्रिय स्वानंदी,

श्वेताने तुला कळवलं असेल. नसेल तर मी कळवतो.

मादेश गेला. एकवीस तारखेला, शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास, पर्णकुंजच्या टाकीत. पंप अडकला होता. तो आत उतरला, पाचेक मिनिटांत त्याचा आवाज बंद झाला. दुसरा कामगार अर्ध्या शिडीपर्यंत गेला आणि चक्कर येऊन परत फिरला, म्हणून वाचला. अग्निशमनवाले आले तोवर पाऊण तास झाला होता.

तुझ्या रिपोर्टमध्ये पहिला परिच्छेद त्याचाच आहे. नाव छापा, असं सांगणारा चौघांतला तो एकटा.

मी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या शवागाराकडे गेलो. त्याची बायको मंजुळा भिंतीशी उभी होती, बरोबर तिचा भाऊ. मी कुठून आलो ते सांगितलं. तिला 'ऊरबागिलु' हे नाव लक्षात होतं.

"त्या नागपूरच्या अक्का कुठे आहेत?" तिने कन्नडमध्ये विचारलं. "त्यांनी यांचा फोटो काढला होता. पेपरात येणार म्हणाल्या होत्या."

"त्या गावी गेल्या आहेत."

"मग आलं का पेपरात?"

मी नाही म्हणालो. तिने "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हटलं आणि भावाकडे वळली. कागदावर सही कुठे करायची ते तो तिला दाखवत होता.

कॉन्ट्रॅक्टरची कंपनी म्हणते की आमचे कामगार टाकीत कधीच उतरत नाहीत. मादेश टाकीच्या कडेला उभा होता, पाय घसरून पडला. पोलिसांच्या पहिल्या कागदावर तेच आहे. तसंच राहिलं तर तो अपघात ठरेल. कुणावर गुन्हा नाही आणि मंजुळाला भरपाईही नाही. वाचलेला कामगार कंपनीच्याच नोकरीत आहे, तो बोलायला तयार नाही. मादेशला याआधी टाकीत उतरवत होते, याचा पुरावा मला माहीत असलेला एकच आहे. तू त्याची मुलाखत ध्वनिमुद्रित केली होतीस. ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नाही. तुझ्याकडे असेल तर पाठव. माझ्यासाठी पाठवू नकोस, मी मंजुळाच्या वकिलांचा पत्ता खाली देतो आहे.

तुझा रिपोर्ट मी छापणार आहे. मादेशचा मृत्यू वर जोडून, तुझ्या नावाने. कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं अजूनही आलेलं नाही, पण आता थांबण्यात अर्थ नाही.

वसुमती माझ्याशी कामापुरतं बोलते. वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा आधी ती वाचून दाखवायची, आता टेबलावर ठेवून जाते.

कृष्णाजी


१६ एप्रिल २०२५

प्रिय स्वानंदी,

ध्वनिमुद्रण वकिलांना मिळालं. तू सोबत चिठ्ठी लिहिली नाहीस. ते योग्यच होतं.

मागच्या दोन्ही पत्रांत मी तुला खोटं लिहिलं. कॉन्ट्रॅक्टरची बाजू आली होती. बारा फेब्रुवारीला आली. तीन ओळींचं उत्तर, सगळे आरोप नाकारणारं. आपल्याला छापायला तेवढं पुरे होतं. तू सभेच्या दुसऱ्या दिवशी, चोवीस तारखेला, माझ्यासमोर उभी राहून विचारलंस तेव्हा ते मेल बारा दिवस माझ्याकडे पडून होतं.

हे मी आपणहून सांगितलं असतं का, ते मला माहीत नाही. रिपोर्ट छापायच्या आदल्या दिवशी मी वर जोडायची टीप वसुमतीकडे दिली. त्यात 'वारंवार विचारूनही कंपनीने उत्तर दिले नाही' असं होतं. तुला ठाऊक आहे, ऑफिसच्या पत्त्यावरचं सगळं मेल आधी ती उघडते. ती आत गेली आणि कंपनीच्या उत्तराचा कागद छापून घेऊन आली.

"हे मी तुम्हाला बारा तारखेला पाठवलं होतं, अण्णा," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं, तुमच्या मनात काही असेल. म्हणून मी विचारलं नाही. मीसुद्धा विचारायला हवं होतं." मग म्हणाली, "ही टीप मी चढवणार नाही. दुसरी लिहा."

मी दुसरी लिहिली. ती तू वाचली असशील: रिपोर्ट तीन फेब्रुवारीला तयार होता, कंपनीचं उत्तर बारा तारखेला आलं, पर्णकुंजमध्ये वर्गणीची सभा होती आणि तिथले लोक नाराज होतील म्हणून संपादकाने तो थांबवला, वार्ताहराने याच कारणावरून राजीनामा दिला, नंतर मादेश त्याच टाकीत मेला. खाली माझं नाव.

तीस मार्चला ते छापलं. पहिल्या दोन दिवसांत तीनशे लोकांनी वर्गणी बंद केली, पंधरवड्यात जवळजवळ नऊशे. त्यातले पर्णकुंजचे शंभरएक. बाकीचे शहरभरचे, ज्यांचा त्या सोसायटीशी काही संबंध नाही. वसुमतीने पत्रं पुन्हा वाचून दाखवायला सुरुवात केली. माझ्यावर मेहेरबानी म्हणून नव्हे, मी ती ऐकावीत म्हणून. यशवंतपूरच्या मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिणाऱ्या एका बाईंचं पत्र आलं. त्या पन्नास रुपये देतात. त्यांनी लिहिलं आहे, 'मला वाटायचं मी पैसे देते म्हणून तुम्ही कुणाला घाबरत नाही. तुम्ही तर मलाच घाबरत होता. मी तुमचं काय वाकडं करणार होते?' त्यांनी वर्गणी बंद केलेली नाही. का नाही, ते लिहिलेलं नाही.

मी त्या पत्रावर बराच विचार केला. आधीच्या पेपरात मालकांचा फोन यायचा, त्यामुळे कुणाला घाबरायचं ते कळायचं. इथे कुणाचाच फोन आला नाही. दोन हजार लोकांना काय आवडणार नाही, ते मी बसल्या जागी ठरवलं.

सात तारखेला दांडेकर आले. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. पुण्याचे निवृत्त इंजिनियर, मुलाकडे राहतात, सत्तरीच्या पुढे आहेत. इलेक्ट्रॉनिक सिटीहून एकटे, बस आणि मेट्रो करून आले. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"वर्गणी बंद करायला आलेलो नाही," ते म्हणाले. "ती मुलाने फोनवरून केव्हाच बंद केली. मला एकच विचारायचंय. आमच्या सोसायटीबद्दल काही छापू नका, असं मी तुम्हाला कधी म्हटलं होतं?"

"नाही."

"असा काही रिपोर्ट आहे, हे मला ठाऊक होतं?"

"नाही."

"मग तुमची ती टीप वाचून लोकांना काय वाटतं? वाटतं की आम्ही दबाव आणला. माझ्या नातीला कॉलेजात विचारतात. आम्ही काही बोललोच नव्हतो, हे तुम्ही का लिहिलं नाहीत?"

मी म्हणालो, लिहितो. आजच लिहितो.

मग ते बसले. वसुमतीने पाणी आणून ठेवलं. त्यांनी ते प्यायलं नाही.

"एक्केचाळीस वर्षं मी कारखान्यात काढली," ते म्हणाले. "बंद टाकीत माणूस कसा उतरवायचा याचे नियम मला पाठ आहेत. आमच्या तळघरात काय चाललंय ते मी कधी पाहायला गेलो नाही. प्लांटचं बिल यायचं, मी सही करायचो. ते माझं. पण तीन फेब्रुवारीला तुम्ही छापलं असतंत, तर मी काय केलं असतं, याचा विचार करतोय रोज. चार तारखेला टाकी बंद करवली असती, असं मला वाटतं. कदाचित नसतीही. कदाचित मी तुमच्यावर चिडलो असतो, मीटिंग बोलावली असती, आणि मार्च उजाडला असता. पण आता ते मला कळायचं नाही. ती संधी तुम्ही मला दिलीच नाहीत."

ते उठले, जिन्याशी थांबून म्हणाले, "रिपोर्ट चांगला लिहिलाय त्या मुलीने. तिला कळवा."

म्हणून कळवलं.

त्यांनी सांगितलेली दुरुस्ती त्याच दिवशी छापली. मग ऑफिसातले आम्ही चौघं बसलो. वसुमती म्हणाली, उरलेल्या पैशांत तीन पगार निघतील. माझा काढून टाकायला सांगितला. श्वेताने विचारलं, "पगार काढला की तुम्ही संपादक राहणार?" तिने ते चिडून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, हे वाचकांना विचारू.

कृष्णाजी


२२ जून २०२५

प्रिय स्वानंदी,

चौकशी अधिकाऱ्यांच्या ऑफिसात तू नऊ तारखेला येणार हे मला वकिलांनी सांगितलं होतं. मी टाळायला हवं होतं का, याचा विचार केला. पण माझीही साक्ष त्याच दिवशी होती.

त्या खोलीत काय झालं ते तू पाहिलंस. तरी मला जे दिसलं ते लिहितो. कंपनीच्या वकिलाने पुन्हा सांगितलं की कामगार टाकीत कधी उतरत नव्हते. मग तुझं ध्वनिमुद्रण लावलं. मागे स्कूटरचे आवाज, तुझं अडखळतं कन्नड, आणि मादेश म्हणतो, "महिन्यातून दोनदा उतरतो, अक्का. दोरी मागितली की उद्या आणतो म्हणतात." तू त्याला विचारतेस, भीती वाटत नाही का. तो हसतो आणि म्हणतो, "वास घरी गेल्यावरही जात नाही, त्याचीच लाज वाटते. मुलगी जवळ येत नाही."

मंजुळाने अधिकाऱ्यांना विचारलं, पुन्हा लावाल का. त्यांना वाटलं तिला काही नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा तिने डोळे मिटून ऐकलं. कंपनीचा वकील कागद चाळत राहिला.

परवा आदेश आला. मृत्यू टाकीत उतरवल्यामुळे झाला, असं त्यात आहे. भरपाई कंपनीने आणि असोसिएशनने द्यायची आहे. दांडेकरांनी अपील करायचं नाही असं असोसिएशनकडून लिहून घेतलं, म्हणजे तो भाग तरी लवकर मिळेल. कंपनी अपिलात जाणार आहे. पोलिसांनी मालकावर गुन्हा नोंदवला.

वाचकांची सभा एक जूनला झाली. मल्लेश्वरममध्ये एका शाळेचा हॉल मिळाला, दीडशेच्या आसपास लोक आले. दीड तास ते बोलले आणि मी ऐकलं. एकाने म्हटलं, ज्याने स्वतःची चूक छापली त्याला ठेवा. मागून एक बाई म्हणाल्या, माणूस मेल्यावर छापली. त्यानंतर मी राजीनामा वाचून दाखवला. श्वेता आता संपादक आहे. तिने पहिला नियम केला: रिपोर्ट पंधरा दिवसांहून जास्त थांबला तर वार्ताहराने तो का थांबला ते स्वतः साइटवर लिहायचं, संपादकाने त्याला हात लावायचा नाही. वर्गणीदार तेराशेच्या आत आहेत. कमी होणं थांबलं आहे. मी घरी आहे. शेजारच्या एका छापखान्यासाठी कन्नड मुद्रितं तपासतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

त्या दिवशी बाहेर, जिन्याखाली, मी कॉफी घेऊ या म्हणालो आणि तू नको म्हणालीस. मग तू जाता जाता थांबलीस. म्हणालीस, "अण्णा, सगळं तुमच्यावर टाकून मला मोकळं होता येत नाही. मी राजीनामा दिला आणि मला वाटलं, माझं काम झालं. रिपोर्ट माझ्याकडे होता. मी तो दुसरीकडे देऊ शकले असते. महिनाभर नागपूरला बसून राहिले, रागात. त्या महिन्यातच तो गेला." तुझी रिक्षा आली होती. मी काहीच बोललो नाही, आणि मी ते मान्य केलं असं तू धरलंस, हे मला तुझ्या चेहऱ्यावरून दिसलं.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही, कारण जे सांगायचं ते आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. टिपेतही ते लिहिलं नाही.

सव्वीस फेब्रुवारीला तुला नोकरी सोडल्याचा एक कागद सहीसाठी मेलने आला होता. मसुदा मी स्वतः केला. त्यात चौथं कलम आहे, जे आपल्याकडे आधी सोडून गेलेल्या कुणाच्याही कागदात नव्हतं. नोकरीत असताना जमवलेली माहिती, मुलाखती, ध्वनिमुद्रणं आमच्या परवानगीशिवाय दुसरीकडे देणार नाही, असं त्यात तू कबूल केलं आहेस. फेब्रुवारीचा पगार त्या सहीनंतरच सोडायचा, असं मी वसुमतीला सांगितलं होतं. कलमाचं तिला माहीत नव्हतं. तू दहा मिनिटांत सही करून पाठवलीस. इतक्या वेळात तू तो वाचला नसणार, हे मला कळलं, आणि मला बरं वाटलं.

तू रिपोर्ट दुसरीकडे नेशील, ही शंका मला आली होती. म्हणूनच ते कलम घातलं. तू नेला असतास तर मी त्या संपादकाला फोन केला असता, कागद दाखवला असता आणि तो थांबवला असता. कोणाला फोन करायचा, त्यांची नावंही मी काढून ठेवली होती. तुझ्याकडे कागदाची प्रत असेल. वाच.

तेव्हा तो महिना तुझा नव्हता. तू रागात बसली असतीस काय, धडपडली असतीस काय, मी दार आधीच लावून घेतलं होतं. मादेशच्या मरणातला जो वाटा तू तिथे जिन्याखाली उचललास, तो खाली ठेव.

या कलमाचा भाग मी कन्नडमध्ये लिहून काल श्वेताला दिला. तिने दोनदा वाचला आणि विचारलं, "हे स्वानंदीला ठाऊक आहे?" मी म्हणालो, या आठवड्यात होईल. पत्र तुला पोचेपर्यंत ती थांबणार आहे. छापायचं की नाही ते ती ठरवेल. तुझी काही हरकत असेल तर तिला सांग. मला कळवायची गरज नाही.

कृष्णाजी